चौथ्या रांगेच्या बादल्या

विलो टँक, ४ जून २००१

मेव्ह,

हे पाकीट परत पाठवायचं असेल तर पाठव, पण आधी आतला फोटो तेवढा काढून घे. फोटो माझ्या हातचा आहे, म्हणजे त्यात अर्ध्याहून जास्त सरपणाचा ढीगच दिसतो. उजवा कोपरा बघ. शेपटीचं टोक दिसतंय ना, काळं, बाटली धुवायच्या ब्रशासारखं? मी चष्मा पुसून तीनदा पाहिलं. कोवारीच आहे.

गेल्या मंगळवारी मी खारवलेल्या मांसाचा तुकडा पाण्यातून काढून व्हरांड्यात ठेवला आणि फोन घ्यायला आत गेले. परत येऊन बघते तर तुकडा आपला फरशीवरून चाललेला. मोठ्या खारीएवढा जीव, आणि स्वतःपेक्षा जड मांस उलटं चालत ओढून नेत होता. मला बघून पळाला नाही. तुकड्यावर दोन्ही पाय ठेवून माझ्यावरच फिस्कारला. माझं घर, माझं मांस, आणि वर मलाच दम. तू असतीस तर हसून हसून खाली बसली असतीस.

अकरा वर्षांत इथे कोणी कोवारी पाहिलेली नाही. यंदा मार्चमध्ये पाऊस झाला तो तू बातम्यांत बघितला असशीलच. नाले भरले, माळावर गुडघाभर गवत आलं, गवतामागे टोळ आले, उंदीर आले, आणि आता त्यांना खाणारे आलेत. पश्चिमेच्या माळावर गोट्यांमध्ये ताजी बिळं आहेत. मी लांबूनच पाहिली. माती उकरलेली, तोंडाशी लेंड्या.

आता मुद्द्याचं. कीथ गेल्यावर मी गुरं आणि रान क्लिफ हॅनिगनला विकलं, घर तेवढं ठेवलं. क्लिफ माणूस वाईट नाही, पण ऑक्टोबरमध्ये त्याला पश्चिमेच्या माळावर नवी कूपनलिका खणायची आहे. पाणी आलं की गुरं येणार, आणि सातशे गुरांचे खूर पडल्यावर बिळं कसली उरतात? मी त्याच्याशी खूप डोकं लावलं. शेवटी म्हणाला, "सप्टेंबरात पाहणी करा. तुमचे ते उंदीर तिथे आहेत आणि पिलं घालतायत एवढं मला कागदावर दाखवा. पाच वर्षं एक गाय सोडणार नाही मी तिथे. पण कागद पाहिजे, लॉर्ना. तुझ्या गप्पा नकोत."

त्याने उंदीर म्हटलं तेव्हा मला तूच आठवलीस. कीथ असंच म्हणायचा आणि तू जेवता जेवता काटा खाली ठेवून त्याला सुनवायचीस की उंदराला असे सुळे असतात का, हे कांगारूंच्या गोतातले, पिलं पोटाशी लटकवणारे, आणि यांच्या घराण्यात सगळेच मांसाहारी. अंगठ्याएवढ्या प्लॅनिगेलपासून टास्मानियातल्या काळ्या डेव्हिलपर्यंत. कीथ म्हणायचा, "मग आमच्याच घराण्यातले की." एवढं बोलून दुसरी चॉप घ्यायचा.

वन्यजीव खात्यातर्फे नेरिडा वॉल्श नावाची मुलगी येते. तिला पाहणीसाठी प्लॉट ठाऊक असलेला परवानाधारक माणूस हवा आहे. सगळ्या रांगा, सगळ्या बादल्या कुठे पुरल्यात ते माहीत असलेला. असं माणूस जगात एकच आहे आणि ते बुंडाबर्गला म्हाताऱ्यांच्या चादरी बदलतंय.

ये ना. मागचं काय ते झालं. माझ्या मनात काही नाही, तूही ठेवू नकोस.

लॉर्ना


२५ जून

मेव्ह,

गुरुवारच्या टपालाच्या विमानाने तुझं कार्ड आलं. एवढ्या मोठ्या कार्डावर दोन ओळी. "माझा परवाना अकरा वर्षांपूर्वी गेला. का गेला ते आरशात बघून विचार."

मला राग आला, खोटं कशाला सांगू. मी तुला उत्तर म्हणून चार पानं लिहिली आणि चुलीत घातली. त्यांत मी तुझेच दोष काढले होते: माझा नवरा गेला आणि तू कीथच्या दफनाला आली नाहीस, नुसती फुलं पाठवलीस, सुंभ जळला तरी पीळ जात नाही, वगैरे. चार पानं जळायला वेळ लागत नाही. ती जळून गेल्यावर लिहिण्यासारखं फार थोडं उरलं.

नेरिडाने खात्याची जुनी फाइल वाचली आहे. परवा चहा पिता पिता तिने मला विचारलं, "तुम्ही तिथे होतात ना? नक्की काय झालं होतं?" तिला फाइलमधली वाक्यं पाठ आहेत, पण काम कसं चालायचं ते माहीत नाही. म्हणून मी तिला सांगितलं. छत्तीस बादल्या, सहा रांगा, काठ जमिनीशी सपाट ठेवून पुरलेल्या, मधून घोट्याएवढं जाळीचं कुंपण. प्राणी कुंपणाला धरून चालतो आणि टपकन आत पडतो. सकाळी काढायचा, मोजायचा, वजन करायचं, सोडायचा. मुक्काम संपला की प्रत्येक बादलीवर झाकण लावायचं, त्यावर दोन गोटे ठेवायचे, वरून वाळू ओढायची. बादलीपाशी उभं असलेलं माणूस मोठ्याने सांगतं, "चार, एक, झाकली. चार, दोन, झाकली." वही धरलेलं माणूस खूण करतं. मग वहीवालं माणूस स्वतः एकदा सगळीकडे फिरून बघतं आणि सही करतं.

"आणि त्या वेळी मेव्ह फिरल्या नाहीत?" तिने विचारलं.

मी म्हटलं, नाही फिरली. मी चौथ्या रांगेवर होते, ती टेकाडाच्या पलीकडे सहाव्या रांगेवर. मी रेडिओवरून सांगितलं आणि तिने खुणा केल्या.

"मग त्यांनी न बघताच सही का केली?"

मी सांगितलं की बहिणीवर विश्वास ठेवून केली. एवढंच म्हणाले आणि तिच्या बशीत आणखी एक बिस्कीट ठेवलं.

फाइलमध्ये लिहिलं आहे, 'चौथी रांग उघडी राहिली, नोंद करणाऱ्याने पडताळणी केली नाही.' नोंद करणारी तू. चौकशीत त्या टकल्या माणसाने मला विचारलं होतं की तुम्ही बादल्या झाकल्याचं सांगितलं होतं का. मी म्हटलं होतं, आठवत नाही. तू माझ्याकडे बघत होतीस. बाहेर आल्यावर गाडीच्या दाराशी उभं राहून तू एकदाच विचारलंस, "लॉर्नी, तू मला चारच्या सगळ्या झाकल्या म्हणालीस ना?" मी म्हटलं, "वही तर तुझ्या हातात होती."

मला आठवत होतं, मेव्ह. तेव्हाही आणि आत्ताही. तू बरोबर ऐकलंस. मी सहाही बादल्यांचं नाव घेऊन सांगितलं होतं.

आज एवढंच लिहवतं आहे.

लॉर्ना


१३ जुलै

मेव्ह,

सोबत एक कागद जोडला आहे, तो आधी वाच. खात्याला पाठवलेल्या जबाबाची ती प्रत आहे. खाली माझी सही आहे आणि साक्षीदार म्हणून क्लिफची. क्लिफने वाचलं, पेन खाली ठेवलं, हॅट घातली, पुन्हा काढली आणि मग सही केली. त्यानंतर दोन आठवडे तो इकडे चहाला आलेला नाही.

जबाबात सरकारी भाषा आहे, ती नेरिडाने नीट करून दिली. तुला माझ्या भाषेत सांगते.

अकरा जून, नव्वद. सकाळी माझं आणि कीथचं भांडण झालं होतं, कशावरून ते आता खरंच आठवत नाही. तो रोमा गावच्या बाजाराला गुरं घेऊन निघणार होता. म्हणाला, दुपारी बारापर्यंत आलीस तर ठीक, नाहीतर मी थांबत नाही, आणि परत येईनच असंही नाही. असलं तो दर वर्षी म्हणायचा. पण त्या दिवशी मला ते खरं वाटलं. साडेदहा वाजले होते. चौथी रांग गाडीपासून लांब, वाळूतून चालत जायची, जाऊन येऊन दीड तास. मी गाडीत बसले, रेडिओ उचलला आणि सांगितलं, "चार, एक, झाकली." मग दोन. मग तीन. प्रत्येकीच्या मध्ये थोडं थांबले, चालत असल्यासारखं. उचलली जीभ लावली टाळ्याला असं नव्हतं ते. मी मोजून थांबत होते. सहावी सांगितली तेव्हा तू म्हणालीस, "शाब्बास गं, आज पळत सुटलीस वाटतं." मी गाडी चालू केली.

घरी पोचले तोवर कीथ निघून गेला होता. दोन आठवड्यांनी नवी हॅट घालून परत आला आणि जेवायला काय आहे म्हणाला.

मी ठरवलं होतं की दुसऱ्या दिवशी सकाळी जाऊन झाकून येईन. चाळीस किलोमीटरचा रस्ता, कोरडा खडखडीत. दुसरा दिवस उजाडला आणि मी गेले नाही. कीथवर चडफडत मी स्वयंपाकघराला हिरवा रंग लावला. सकाळी दोन भिंती, दुपारी दोन. तुला तो रंग आवडायचा, तू म्हणायचीस घर जरा हसतं त्याने. त्या रात्री पाऊस लागला आणि नाला चढला.

ऑक्टोबरमध्ये तू चौथ्या रांगेतून कवट्या वेचल्यास आणि वहीत लिहिल्यास, त्या माझ्यामुळे. नऊ प्लॅनिगेल, बावीस डनार्ट, आठ मुल्गारा, दोन कोवारी. एक्केचाळीस. सरडे तू मोजले नाहीस. तू प्रत्येक कवटी तळहातावर घेत होतीस, वेगळी करत होतीस. चपटी ती प्लॅनिगेल, भेगांतून शिरणारी. लांब नाकाची डनार्ट, दुष्काळासाठी गाजरासारख्या शेपटीत चरबी साठवणारी. रुंद जबडा तो मुल्गारा. मला त्या सगळ्या सारख्याच दिसत होत्या. तुला मात्र त्या सगळ्यांची नावं माहीत होती, म्हणून तुला जास्त लागलं. तू त्या सगळ्यांचं पाप स्वतःच्या डोक्यावर घेतलंस आणि मी घेऊ दिलं. मला वाटलं, झाकली मूठ सव्वा लाखाची. कीथलाही सांगितलं नाही. तो मरताना माझा हात धरून होता तेव्हासुद्धा नाही.

तुझं नाव फाइलमधून निघेल, मला आणखी काही नको. हे खोटं लिहिलं. मला तू यायला हवी आहेस.

लॉर्ना


१० ऑगस्ट

मेव्ह,

चार गुरुवार झाले. विमान येतं, पिशवी उतरवतं, क्लिफची बिलं आणि माझी बियाण्यांची यादी. तुझं काही नाही.

नेरिडा काल आली होती. खात्याने जुना निकाल बदलला. तुझा परवाना पुन्हा चालू झाला आहे, त्याचं पत्र तुला थेट येईल किंवा आलंही असेल. त्याच कागदात माझ्याबद्दलही एक ओळ आहे. यापुढे मी कुठल्याही सापळ्याला, बादलीला किंवा पकडलेल्या प्राण्याला हात लावायचा नाही. नेरिडाला ते सांगताना लाज वाटत होती बिचारीला. म्हणाली, "नियम आहे हो, मी काही करू शकत नाही." मी म्हटलं, अगं मुली, हा नियम अकरा वर्षांपूर्वी लावायला हवा होता. आता म्हणजे बैल गेला नि झोपा केला.

लागतं थोडं, नाही कशाला म्हणू. दर वसंतात शाळेची मुलं मी माळावर नेत होते, डनार्ट कसा धरायचा ते दाखवत होते, मानेमागे, हलक्या बोटांनी, तू शिकवलं होतंस तसं. तेही आता बंद. बायकांच्या मंडळात बातमी पोचली आहे. मागच्या बैठकीत माझ्या स्कोन पावांना कोणी नावं ठेवली नाहीत, म्हणजे बघ.

पाहणी बारा सप्टेंबरला सुरू करायची आहे. त्याच्या पुढे गेली तर क्लिफची खोदाईची गाडी येते, तिचा दिवस ठरलेला आहे. नेरिडा म्हणते की मेव्ह आल्या नाहीत तर ती एकटी करू शकणार नाही, तिला निम्म्या बादल्या सापडणारसुद्धा नाहीत, अकरा वर्षांची वाळू आहे वर.

तू माझ्यामुळे यायचं टाळत असशील तर एक सांगते. मी दहा तारखेला डॅल्बीला कीथच्या बहिणीकडे जाते आणि पाहणी संपेपर्यंत येत नाही. घर उघडं असेल, शीतपेटीत मांस असेल, पाण्याची टाकी भरलेली आहे. तुला माझं तोंड बघावं लागणार नाही.

आणि एक राहिलं आहे. जबाबात मी लिहिलं की दुसऱ्या दिवशी रात्री पाऊस लागला आणि रस्ता बंद झाला. ते खरं आहे. पण ते वाचून कोणालाही वाटेल की पावसाने मला अडवलं. नेरिडालाही तसंच वाटलं, ती म्हणाली, "तुमचंही नशीब." मी तिला तसंच वाटू दिलं. रस्ता दोन जुलैला उघडला, मेव्ह. कीथ स्वतः त्या बाजूच्या टाकीवर जाऊन आला. जुलै, ऑगस्ट, सप्टेंबर, सगळा कोरडा. मी कधीही जाऊ शकले असते. दर आठवड्याला म्हणायचे, आता जाऊन काय, जे पडायचं ते पडलं असेल. आणि दर आठवड्याला नवीन काहीतरी पडत होतं, हे मला कळत होतं. गेले असते तर बघावं लागलं असतं, म्हणून गेले नाही. नेरिडाला हे मी काल फाटकाशी सांगितलं. तिने गाडीचं दार लावलं आणि हात न हलवता गेली.

लॉर्ना


३० ऑगस्ट

मेव्ह,

तुझं पत्र आलं. पत्रच म्हणायचं, कार्ड नाही, पाकिटात घातलं होतंस.

तू लिहिलंस की जबाब वाचला, परवाना आला, हिरव्या भिंतींचं वाचून दिवसभर काम सुचलं नाही. डॅल्बीला जाऊ नकोस, असंही लिहिलंस. ती ओळ मी उभ्याउभ्याच वाचली आणि मग खुर्चीवर बसले. आणि खाली लिहिलंस, "एकच विचारते. नऊ ऑक्टोबरला तू सकाळी माझ्या आधी चौथ्या रांगेवर गेली होतीस. सगळी मेलेलीच होती का? उत्तर दे, मग बारा तारखेचं ठरवते."

आठवडा झाला, हे पत्र टेबलावर आहे. आठवडाभर मी हो असं लिहायचा विचार करते आहे. हो, सगळी मेलेली होती. चार शब्द, आणि तू गाडीत बसशील. तुला काय माहीत आहे ते मला माहीत नाही. कदाचित तू नुसतंच विचारलं असशील, कदाचित तुला तेव्हाच काही दिसलं असेल. चोराच्या मनात चांदणं म्हणतात तसं झालं आहे माझं. पण तुला माहीत आहे का नाही, हे बघून मी उत्तर दिलं तर ते पुन्हा रेडिओवर थांबून थांबून बोलण्यासारखंच होईल.

नाही, मेव्ह. सगळी मेलेली नव्हती.

तू तंबूपाशी चहा ठेवला होतास. मी म्हटलं, मी चारला जाते, तू पाचपासून सुरू कर. सूर्य नुकताच वर आला होता. पहिल्या बादलीतच कळलं काय झालं आहे ते. वास नव्हता, तोवर सगळं वाळून गेलं होतं. लहानांना मोठ्यांनी खाल्लेलं, मोठ्यांना त्याहून मोठ्यांनी. पाचही बादल्या तशाच. सहाव्या बादलीत मी वाकले आणि आतून फिस्कारणं ऐकू आलं.

कोवारी होती. मादी. आपण त्या रांगेच्या बादल्या मुद्दाम हातभर जास्त खोल पुरल्या होत्या, कोवारी उडी मारून निसटते म्हणून. तिला निसटता आलं नव्हतं. खाली हाडांचा थर, आणि त्यावर ती. पडेल ते खाऊन राहिली होती. मी तिला कापडी पिशवीत घेतलं, तू शिकवलंस तसं, आणि पोट बघितलं. पाच पिलं लटकलेली. अंगठ्याच्या पेराएवढी, पाठीवर नुकती करडी लव येऊ लागलेली.

तू इतकी वर्षं त्या माळावर हीच शोधत होतीस. पिलं पोटाशी असलेली कोवारी. एक जरी सापडली असती तर तो माळ तेव्हाच गुरांसाठी बंद झाला असता, खात्याने लिहून दिलं होतं. मला ते ठाऊक होतं. पिशवी हातात धरून मी उभी होते आणि पहिला विचार तुझाच आला, की धावत जाऊन तुला दाखवावी.

मग दुसरा विचार आला. तू पट्टी काढशील. पिलाचं माप घेशील आणि बोटांवर दिवस मोजशील. पन्नास दिवसांची पिलं, त्याआधी पस्तीस दिवस पोटात, म्हणजे तिला नर भेटला जुलैच्या मध्याला, तोपर्यंत ही मादी माळावर मोकळी फिरत होती. म्हणजे ती पडली तेव्हा रस्ता उघडून दोन आठवडे झाले होते. तू विचारशील, लॉर्नी, जुलैमध्ये तू कुठे होतीस? आणि पावसाचं नाव पुढे करायला मला जागा राहणार नाही.

म्हणून मी पिशवी उघडली. ती गेली नाही. गोट्यांवर उभी राहिली, पोट जमिनीला टेकलेलं, डोळे बारीक केलेले, तिला उजेडाची सवय राहिली नव्हती. एवढ्यात तू टेकाडावरून शीळ घातलीस. मी हॅटने तिला हाकललं. दोनदा. तिसऱ्यांदा हॅट तिच्या अंगाला लागली तेव्हा ती निघाली, पाच पिलांना फरफटत, गवत नसलेल्या उघड्या माळावरून. बीळ तिला सापडलं का नाही, मी पाहिलं नाही. मी तिचे ठसे बुटाने पुसत होते.

मग तू आलीस, बादलीत बघितलंस आणि खाली बसलीस. मी तुझ्या खांद्यावर हात ठेवला. त्या हातालाही तिचा वास होता.

एक्केचाळीस मेले त्याला मी कारण आहे, पण ते आळसाने झालं, रागाने झालं. हे एक मी शुद्धीत केलं. तिला वाचवता आलं असतं, तुला वाचवता आलं असतं, माळ वाचला असता. मी स्वतःला वाचवलं. तू गेल्यावर अकरा वर्षं मी या घरात जेवले, झोपले, नवऱ्याला पुरलं, मुलांना डनार्ट दाखवले. माझं काही अडलं नाही. लाज वाटते ती याची सगळ्यात जास्त.

हेच सगळं नेरिडालाही लिहून पाठवलं आहे, आजच्याच पिशवीत. म्हणजे तू आलीस न आलीस, हे आता मागे घेता येणार नाही.

तू येणार नाहीस असं मला वाटतं. मी तुझ्या जागी असते तर आले नसते. बारा तारखेला फाटकाशी जाऊन उभं राहायचं नाही असं ठरवलं आहे, पण मला मी ओळखते, उभी असेन. आलीस तर माझ्यासाठी गाडी थांबवू नकोस. सरळ माळावर जा. त्यांना तुझी गरज आधी आहे, मला नंतर.

लॉर्ना